पाद्री व्हायला गेलेली मुलं: रशियन सेमिनरीतून बाहेर पडलेल्यांचा अभिप्राय

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे अडखळे काढलेत, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कॉलेज संपताना एक फॉर्म भरायला देतात, बघा. 'इथल्या शिक्षणाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच.' नॅकची टीम येणार असेल तर तो जरा जास्तच प्रेमाने भरून घेतात. आपल्याला नो ड्यूजवर सही हवी असते, म्हणून आपण सगळीकडे चार-चार टिक करतो आणि सुटतो. म्हणजे समाधान मोजायचं नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी त्या शिक्षणाचं पुढे काय होणार हे आपल्यालाच माहीत नसतं.

आज एका वेगळ्या प्रकारच्या शाळेबद्दल बोलायचंय. झारच्या काळातल्या रशियातली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मशास्त्राची शाळा, म्हणजे सेमिनरी. तिथे बाहेर पडताना कुणी फॉर्म देत नव्हतं. तरी तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी अभिप्राय दिलाच. कुणी गोष्टी लिहून, कुणी नोबेल मिळाल्यावर लिहिलेल्या आत्मवृत्तात, आणि एकाने तर सगळी सत्ता हातात आल्यावर मुलाखतीत. हे अभिप्राय एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एकाच प्रकारच्या शाळेबद्दल एक जण म्हणतो नरक, दुसरा म्हणतो उपकार झाले. असं का, हा आजचा प्रश्न.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ऑर्थोडॉक्स म्हटलं की आपल्याकडे अनेकांना केरळचे मलंकारा ऑर्थोडॉक्स आठवतात. ती शाखा वेगळी. आपण बोलतोय रशियन ऑर्थोडॉक्स चर्चबद्दल. या चर्चमध्ये गावचा पाद्री लग्न करतो, किंबहुना पाद्री होण्याआधी त्याचं लग्न झालेलं असावं अशीच अपेक्षा असते. बिशप मात्र संन्यासी असतात. आता पाद्र्याला बायको आहे म्हणजे मुलंही आहेत. मग त्या मुलांचं काय करायचं?

पीटर द ग्रेटने १७२१ मध्ये चर्चसाठी एक नियमावली काढली. प्रत्येक बिशपने पाद्र्यांच्या मुलांसाठी शाळा काढावी, असं त्यात होतं. हळूहळू नियम उलटा फिरला. पाद्र्याच्या मुलाने चर्चच्याच शाळेत जायचं आणि चर्चचीच नोकरी धरायची. पाद्री हा एक जन्मावर ठरणारा वर्ग झाला. आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही, बापाचा धंदा पोराला आणि पुरोहिताचं पोर पुरोहित, हे आपण जवळून पाहिलेलं आहे.

हे किती टोकाला गेलं होतं याचं एक उदाहरण देतो. एखाद्या गावचा पाद्री वारला, तर त्याच्या विधवेला आणि मुलींना कोण सांभाळणार? चर्चकडे पेन्शन देण्याइतका पैसा नव्हता. मग तोडगा असा की जो सेमिनरीचा पदवीधर त्या मुलीशी लग्न करेल, त्याला ती जागा मिळेल. नोकरी आणि बायको एकाच पाकिटात. सासूला सांभाळायची जबाबदारीही त्यातच आली.

शिक्षण किती वर्षांचं? आधी चर्चची प्राथमिक शाळा, मग सेमिनरीची सहा वर्षं. तिथे दोन वर्षं साहित्य आणि वक्तृत्व, दोन वर्षं तत्त्वज्ञान, दोन वर्षं धर्मशास्त्र. अठराव्या शतकात तर शिकवण्याची भाषाच लॅटिन होती. गंमत बघा, ऑर्थोडॉक्स चर्चची पूजा चालते चर्च स्लाव्हॉनिकमध्ये, गाव बोलतं रशियन, आणि पाद्री शिकतो लॅटिनमधून, म्हणजे प्रतिस्पर्धी कॅथलिक चर्चच्या भाषेतून! पुढे एकोणिसाव्या शतकात लॅटिनचं राज्य हळूहळू संपलं.

मुलांना आडनावंसुद्धा सेमिनरीत मिळायची. मिखाईल स्पेरान्स्की हे नाव रशियन इतिहासात फार मोठं आहे. झार अलेक्झांडर पहिला याचा हा सल्लागार. पुढे रशियाच्या सगळ्या कायद्यांचं संकलन यानेच केलं. हा खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १७७२. घराला धड आडनाव नव्हतं. सेमिनरीत त्याला 'स्पेरान्स्की' नाव मिळालं, लॅटिनमधल्या 'आशा' या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे मास्तरांना पोरगं हुशार वाटलं आणि त्यांनी नावच 'आशावान' ठेवून टाकलं.

आता पहिल्या अभिप्रायाकडे येऊ.

निकोलाय पोम्यालोव्स्की. जन्म १८३५, सेंट पीटर्सबर्ग. वडील एका स्मशानाजवळच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचे. प्राथमिक आणि सेमिनरी धरून हा मुलगा सुमारे चौदा वर्षं चर्चच्या शिक्षणात होता. १८५७ ला बाहेर पडला. १८६२-६३ मध्ये त्याने वसतिशाळेवर शब्दचित्रं लिहिली. त्या वसतिशाळेला रशियनमध्ये 'बुर्सा' म्हणतात. पहिलं चित्र छापून आलं दोस्तोयेव्स्की बंधूंच्या 'व्रेम्या' या मासिकात.

ही चित्रं वाचून रशिया हादरला. थंडीने गारठलेल्या खोल्या, अंगावर उवा, पोटात भूक. शिकणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. तिथल्या पोरांचा त्यासाठीचा शब्द 'ठोकणे' या क्रियापदावरून आलेला आहे. धडा डोक्यात ठोकायचा. अर्थ विचारायचा नाही.

पण मला त्यात सगळ्यात भयंकर वाटते ती तिथली व्यवस्था. मास्तर स्वतः धडा तपासत नसत. वर्गातल्याच एका मुलाला तपासनीस नेमायचे. तो इतरांना गुण द्यायचा. मग हे तपासनीस भुकेल्या पोरांकडून पावाचे तुकडे आणि पैसे लाच म्हणून घ्यायचे. आणखी एका मुलाकडे काम असायचं वर्गमित्रांना फटके मारण्याचं. म्हणजे मास्तरांनी स्वतःचे हातसुद्धा खराब केले नाहीत. पोम्यालोव्स्कीने स्वतःचा हिशोब ठेवला होता. शिक्षणाच्या काळात आपल्याला सुमारे चारशे वेळा फटक्यांची शिक्षा झाली, असं तो सांगायचा.

तो १८६३ मध्ये वारला. वय २८. दारूने पोखरलेला होता, आणि दारूची सवयही बुर्सातलीच.

आता कुणी म्हणेल, हा लेखक माणूस, रंगवून लिहिणारच. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवू. हा शाळा सोडून पळालेला नाही, हा पाद्रीच झालेला आहे.

इव्हान बेल्ल्यूस्तिन, त्वेर प्रांतातल्या काल्याझिन नावाच्या लहान गावचा पाद्री. १८५८ मध्ये ग्रामीण पाद्र्यांच्या स्थितीवरचं त्याचं पुस्तक परदेशात छापलं गेलं, लेखकाच्या नावाशिवाय. रशियात ते चोरून वाचलं गेलं. लेखक कोण हे उघड झाल्यावर चर्चचे वरिष्ठ इतके भडकले की त्याला उत्तरेच्या सोलोव्हेत्स्की मठात हद्दपार करायची तयारी झाली. खुद्द झारच्या दरबारात पुस्तक आवडीने वाचलं गेलं होतं, म्हणून तो वाचला.

बेल्ल्यूस्तिनची तक्रार मारापुरती नाही. ती अभ्यासक्रमाची आहे. बापाने पोटाला चिमटा काढून पोराला शाळेत ठेवायचं, मास्तरांना आणि कारकुनांना भेटी पोचवायच्या. पोराने वर्षानुवर्षं लॅटिन आणि तत्त्वज्ञान घोकायचं. १८४० च्या सुधारणेत त्यात शेती आणि वैद्यकही घुसडलं, पुस्तकातूनच. आणि शेवटी गावात जाऊन काय करायचं? स्वतः नांगर धरायचा, आणि लग्न-बारसं-मयताला शेतकऱ्यांकडून चार पैसे मागायचे. शेतकरी कुरकुरत देणार, वर पाद्री लोभी म्हणून नावं ठेवणार. जे शिकलं ते कामाचं नाही, जे काम पडतं ते शिकवलं नाही.

ओळखीचं वाटतंय ना? मेकॅनिकलमध्ये बीटेक करून दिवसभर जावा लिहिणारी माझ्या पिढीतली किती पोरं आहेत. आम्ही थर्मोडायनॅमिक्सला शिव्या देतो, पण त्यातून सुटून दुसरीकडे जाता आलं म्हणून त्या शिव्या हसत-हसत देतो. बेल्ल्यूस्तिनला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

दार तेव्हा अगदीच बंद नव्हतं, किलकिलं होतं. निकोलाय चेर्निशेव्स्की सारातोव्हच्या सेमिनरीतून १८४६ मध्ये विद्यापीठात गेला. निकोलाय दोब्रोल्यूबोव निझ्नी नोव्हगोरोदच्या सेमिनरीतून १८५३ मध्ये पीटर्सबर्गला आला. घरच्यांच्या हिशोबाने वरच्या धर्मशास्त्र अकादमीत जायला आला होता, पण शिक्षक घडवणाऱ्या सरकारी संस्थेची परीक्षा देऊन तिकडेच गेला. हे दोघे पुढे रशियन समीक्षेचे आणि क्रांतिकारी विचारांचे बिनीचे शिलेदार झाले. पण हे अपवाद. साध्या मुलाला वर्गाबाहेर पडायचं तर परवानग्यांचं जंजाळ होतं.

आणि मग १८६० चं दशक आलं. क्रिमियाच्या युद्धात रशिया हरला होता, १८६१ मध्ये भूदासांची मुक्तता झाली होती, सगळीकडे सुधारणांचं वारं होतं. चर्चसाठी १८६२ मध्ये एक विशेष समिती बसली. आणि या समितीने १८६३ मध्ये काय करावं? देशभरातल्या पाद्र्यांना चक्क प्रश्नावली पाठवली! तुमच्या उत्पन्नाचं काय करावं, तुमचे हक्क कसे वाढवावेत, तुमच्या मुलांना पुढचे मार्ग कसे खुले करावेत. म्हणजे मघाशी मी म्हटलं ना की फॉर्म कुणी देत नव्हतं? सेमिनरीतून बाहेर पडताना नाही दिला, पण बाहेर पडून दहा, वीस, तीस वर्षं झाल्यावर एकदा दिला. माझ्या मते समाधान विचारायची खरी वेळ तीच.

त्या दशकात एकामागून एक दारं उघडली. १८६३ मध्ये सेमिनरीच्या मुलांना विद्यापीठात प्रवेश खुला झाला. १८६७ मध्ये सेमिनरीची नवी नियमावली आली, आणि त्याच वर्षी जागा वारशाने किंवा मुलीबरोबर देण्याची पद्धत कायद्याने बंद झाली. १८६९ मध्ये पाद्र्यांच्या मुलांना जन्माने त्या वर्गात बांधून ठेवणं संपलं.

आता तिसरा साक्षीदार. याला तुम्ही सगळे ओळखता. घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तोच तो इव्हान पावलोव्ह!

पावलोव्ह हा र्‍याझान शहरातल्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १८४९. १८६४ मध्ये तो र्‍याझानच्या सेमिनरीत गेला. तारीख बघा. पोम्यालोव्स्की वारल्यानंतरचं वर्ष, विद्यापीठाचं दार उघडल्यानंतरचं वर्ष. १९०४ मध्ये नोबेल मिळालं, त्याच सुमारास त्याने छोटं आत्मवृत्त लिहिलं. त्यात तो सेमिनरीची आठवण कृतज्ञतेने काढतो! शिक्षक उत्तम होते असं सांगतो. आणि एक मुद्दा फार नेमका मांडतो. सरकारी हायस्कुलांमध्ये नव्हती अशी एक गोष्ट तेव्हाच्या सेमिनरीत होती. मुलाला ज्या विषयाची ओढ असेल त्यात त्याला झोकून देता यायचं. एका विषयात तुम्ही कच्चे असलात आणि दुसऱ्यात चमकलात, तर तुमच्यावर संकट कोसळत नव्हतं, उलट लक्ष वेधलं जायचं.

हाच पावलोव्ह सेमिनरीच्या काळात जीवशास्त्रावरचे लेख अधाशासारखे वाचत होता. सेचेनोव्हचं मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचं पुस्तक त्याच काळात त्याच्या हाती पडलं. १८७० मध्ये सेमिनरी पूर्ण न करताच तो पीटर्सबर्ग विद्यापीठात गेला. म्हणजे ज्याने पदवीसुद्धा घेतली नाही, तो सगळ्यात समाधानी माजी विद्यार्थी निघाला.

का? फटके कमी झाले, शिक्षक बरे आले, हे आहेच. पण माझ्या मते मुख्य कारण वेगळं. पावलोव्हला माहीत होतं की इथून बाहेर जाता येतं. त्यामुळे तर्कशास्त्र, वादविवाद, जुन्या भाषा हे सगळं त्याच्यासाठी ओझं उरलं नाही, शिदोरी झालं. तोच अभ्यास पोम्यालोव्स्कीला भिंत वाटला होता.

पण हे दार फार वर्षं उघडं राहिलं नाही. मुलं भराभर विद्यापीठांत जायला लागली. १८७० च्या दशकात रशियन विद्यापीठांत सेमिनरीतून आलेल्यांचा हिस्सा खूप मोठा झाला. चर्च म्हणालं, आमची हुशार पोरं पळताहेत. सरकार म्हणालं, हीच पोरं क्रांतीच्या टोळ्यांत जाताहेत. १८७९ मध्ये विद्यापीठाची ती सोपी वाट बंद झाली, आणि १८८४ मध्ये नवी, कडक नियमावली आली. म्हणजे मुलं निघून जातात हा सरकारला रोग वाटला, म्हणून दाराला कुलूप लावलं. मला विचाराल तर ते निघून जाणं हाच उपाय होता.

कुलूप लावलेल्या सेमिनरीचा अभिप्राय आता ऐका. ठिकाण तिफ्लिस, म्हणजे आजचं त्बिलिसी, जॉर्जियाची राजधानी.

अख्ख्या कॉकेशसमध्ये तेव्हा विद्यापीठ नव्हतं. गरिबाच्या हुशार पोराला पुढे शिकायचं तर सेमिनरी हाच मार्ग, मग पाद्री व्हायचं असो वा नसो. आणि तिथे जॉर्जियन मुलांवर रशियन भाषेची सक्ती, त्यांची स्वतःची भाषा खालच्या दर्जाची. १८८६ मध्ये काढून टाकलेल्या एका विद्यार्थ्याने रेक्टर चुदेत्स्की यांचा खून केला. १८९३ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला, ८७ जणांना काढून टाकण्यात आलं. आणि १८९४ मध्ये तिथे पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. चांभाराचा मुलगा, आवाज गोड, कविता करणारा. योसेब जुगाश्विली. पुढचा स्टालिन.

सेमिनरीत मुलांच्या खोल्यांची झडती व्हायची. व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी सापडली म्हणून या मुलाला कोठडीची शिक्षा झाली. १८९९ मध्ये परीक्षेला बसला नाही म्हणून त्याला काढून टाकलं. १९३१ मध्ये एमिल लुडविग या जर्मन लेखकाने त्याला विचारलं, तुम्ही क्रांतिकारक का झालात, आईवडिलांनी छळलं होतं का? तो म्हणाला, आईवडिलांनी वाईट वागवलं नाही. सेमिनरीची गोष्ट वेगळी. तिथली पाळत आणि अपमान, त्याचा निषेध म्हणून मी क्रांतिकारक व्हायला तयार झालो. चहाची घंटा झाली की आम्ही खाली जायचो, परत येतो तोवर आमच्या पेट्या उचकटलेल्या असायच्या.

इथे एक सावधगिरी. तीस वर्षांनी, सत्तेवर बसून सांगितलेली ही आठवण आहे. आणि जो स्वतः देशभर पाळत ठेवत होता, त्याने पाळतीची तक्रार करावी, यावर काय बोलणार! सेमिनरीने स्टालिन घडवला, असं मी म्हणणार नाही. त्याच शाळेतून शेकडो मुलं साधे पाद्री आणि शिक्षक होऊन बाहेर पडली. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत म्हणून आपल्याला त्यांचं समाधान कळत नाही, इतकंच. जे ओरडतात त्यांचाच आवाज इतिहासात उरतो, हे अशा विषयात कायम लक्षात ठेवावं लागतं.

पण चर्चमध्येच राहिलेल्यांचा एक आवाज आपल्याकडे आहे. १९०५ मध्ये चर्चचा सरकारी प्रमुख पोबेदोनोस्त्सेव्ह याने सगळ्या बिशपांना विचारलं, सुधारणा हव्यात का? हा माणूस पक्का सनातनी. त्याला वाटलं, बिशप म्हणतील सगळं छान चाललंय. उत्तरं १९०६ मध्ये छापली गेली आणि बहुतेक बिशप सुधारणांच्या बाजूने निघाले. हे सगळे त्याच शिक्षणपद्धतीतून वर आलेले, तिचे सगळ्यात यशस्वी पदवीधर. सेमिनरीबद्दल त्यांच्यातल्या अनेकांनी सांगितलं की एकाच शाळेला दोन कामं दिलीत. पाद्र्यांच्या मुलांना स्वस्तात सामान्य शिक्षण द्यायचं, आणि पाद्रीही घडवायचे. दोन्ही धड होत नाहीत. वेगळं करा. सामान्य शाळा सगळ्यांना खुली ठेवा, आणि धर्मशास्त्राच्या वर्गात ज्याला खरंच यायचंय त्यालाच घ्या.

म्हणजे बंडखोर स्टालिन आणि निष्ठावंत बिशप, दोघांचं निदान एकाच जागी येऊन थांबतं. तक्रार देवाबद्दल नव्हती, पुष्कळदा शिक्षकांबद्दलही नव्हती. ज्याला यायचं नव्हतं त्याला आणून बसवलं, आणि ज्याला जायचं होतं त्याला जाऊ दिलं नाही, ही तक्रार होती.

ती सुधारणा पूर्ण व्हायला वेळच मिळाला नाही. क्रांतीनंतर सेमिनऱ्या बंद झाल्या. पाद्र्याचा मुलगा असणं हाच गुन्हा ठरला. १९२४ मध्ये लेनिनग्राडच्या सैनिकी वैद्यकीय अकादमीतून पाद्र्यांच्या मुलांना काढून टाकायला सुरुवात झाली. तेव्हा पंच्याहत्तरीतले पावलोव्ह तिथे प्राध्यापक होते. त्यांनी राजीनामा दिला. कारण सांगितलं, मीही पाद्र्याचाच मुलगा आहे, त्यांना काढणार असाल तर मीही जातो.

आणि १९४३ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध ऐन भरात असताना, स्टालिनने चर्चच्या तीन मेट्रोपॉलिटनना, म्हणजे वरिष्ठ बिशपांना, रात्री क्रेमलिनमध्ये बोलावलं. त्या भेटीनंतर धर्मशिक्षण पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली, आणि १९४४ मध्ये मॉस्कोत पहिली संस्था उघडली. त्या रात्रीची एक गोष्ट सांगतात. आख्यायिकाच समजा. स्टालिनने म्हणे विचारलं, तुमच्याकडे माणसं का नाहीत? वृद्ध सेर्गी शांतपणे म्हणाले, काय करणार, आम्ही एखाद्याला पाद्री म्हणून तयार करतो आणि तो मार्शल होऊन बसतो.

खरी असो-नसो, गोष्ट भारी आहे. पण मला त्याहून जास्त लक्षात राहतो तो पावलोव्हचा राजीनामा. पाद्री न झालेला, देवधर्मापासून दूर गेलेला तो म्हातारा, आपण कुठून आलो हे सांगायला लाजला नाही. त्याला कधीतरी मोकळेपणाने जाऊ दिलं होतं, म्हणूनच कदाचित तो असं उभं राहू शकला.

तुमच्या घरात कुणी बापाच्या धंद्यासाठी शिकलेलं आहे का? वेदपाठशाळेत, सीए फर्ममध्ये, दवाखान्यात? त्यांना वीस वर्षांनंतर विचारलंत तर काय उत्तर मिळतं, ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!